बोलताना समोर कोणीतरी असतं

डिसेंबरात नागपूरच्या विधान भवनात हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा सभागृहात प्रतिवेदक पाळीपाळीने बसतात आणि सदस्यांचं बोलणं लघुलेखनाच्या खुणांत उतरवून घेतात. राज्य सरकारच्या नोकरीत निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा द्यावी लागते, उच्चश्रेणीला १२० शब्दांची. लिपिकाला मराठी टंकलेखनात ३० शब्द पुरतात. साध्या अक्षरात हाताने लिहिणारा त्याच्याही मागे राहतो.

हे आकडे पाहिले की वाटतं, जीभ वेगवान आणि हात संथ, एवढंच लिहिण्याचं दुखणं असावं. हा पहिला गैरसमज. हाताच्या वेगावर लोकांनी फार पूर्वीच उपाय शोधले. बोरू कमीत कमी उचलावा लागेल अशी मोडी लिपी पेशव्यांच्या आणि भोसल्यांच्या दप्तरांत चालत होती ती त्यासाठीच. पण मिनिटाला १२० शब्द टिपणाऱ्या लघुलेखकाला स्वतःच्या मनातलं दोन पानी पत्र लिहायला सांगा. त्याचाही हात अडतो. दुसऱ्याचं बोलणं टिपताना वाक्य आयतं मिळतं, इथे ते आधी घडवावं लागतं.

मग बोलतानाही वाक्य घडवावंच लागतं, ते का जड जात नाही? याचं उत्तर मला तहसील कचेरीबाहेर अर्जनवीसाच्या टेबलापाशी मिळालं. काटोलकडच्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. पिशवीतून जुना सातबारा काढत त्या म्हणाल्या, ‘‘माह्या सासऱ्याचं वावर होतं जी. ते गेले, मंग दिरानं समदं आपल्या नावानं करून घेतलं.’’ हे ऐकताना मला सगळं समजलं होतं. आवाज चढला कुठे, हात कपाळाला गेला कधी, ते मी पाहत होतो. अर्जनवीसाने मात्र पेन हातात धरूनच विचारलं, ‘‘बाई, सासरे कोणत्या साली वारले? मुलं किती? तुमचे मालक आहेत का? मौजा कोणता, खसरा नंबर काय?’’

बोलताना ही विचारणा समोरचा करतो. तो ‘हं’ म्हणतो, भुवई उंचावतो, ‘कोण दीर?’ म्हणून अडवतो आणि आपण तिथल्या तिथे दुरुस्ती करतो. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो, असं जगातल्या दहा भाषांच्या अभ्यासात २००९ साली दिसलं. म्हणजे बोलण्याचं ओझं दोघं मिळून उचलतात. लिहिताना कागदासमोर आपण एकटे. प्रश्न आपणच काढायचे, उत्तरंही आपणच द्यायची आणि आवाजाचं काम शब्दांच्या क्रमाने नि विरामचिन्हांनी भागवायचं. त्यात वेळ जातो. तो मंदपणा नव्हे.

दुसरा गैरसमज मला जास्त बोचतो. ‘हे अशुद्ध बोलतात, म्हणून यांना लिहिता येत नाही,’ असं नागपुरी आणि वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना सर्रास ऐकवलं जातं. ‘मी जाऊन राहिलो’, ‘मले सांग’ या रूपांना स्वतःचं व्याकरण आहे आणि ते पोर त्यात चुकत नाही. वहीत मात्र त्याला ‘मी जात आहे’, ‘मला सांग’ असं लिहावं लागतं. प्रमाणभाषेच्या जवळचं बोलणाऱ्या घरातलं पोर एक काम करत असतं तेव्हा हे पोर दोन करतं. बोलणं मूल घरात आपसूक शिकतं. लेखन ही जेमतेम पाच हजार वर्षांची युक्ती आहे, ती प्रत्येकाला शिकवावीच लागते.

मोबाइलला सांगितलं की तो लिहून देतो, आता काय अडचण, असंही म्हणतात. मोबाइल शब्द उतरवून देतो, पण ‘कोण दीर?’ असं विचारत नाही. बाईंची ती दोन वाक्यं त्याने बिनचूक उतरवली असती, तरी त्यांचा अर्ज झाला नसता.

बोलणं कागदावर आणण्याचं मोठं काम याच विदर्भात, रिद्धपूरला, १२७८च्या सुमारास झालं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. सांगण्यात फरक पडला तिथे कोणाचं म्हणणं काय, तेही ‘लीळाचरित्रा’त नोंदलेलं आढळतं. विचारत फिरल्यावाचून तो ग्रंथ झाला नसता.

अर्जनवीसाला तो एक पानाचा अर्ज लिहायला पाऊण तास लागला. मग त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात सासऱ्यांचं मृत्यूचं साल होतं, तिन्ही वारसांची नावं होती, फेरफाराची तारीख होती. बाई पदर सावरत म्हणाल्या, ‘‘हेच तं सांगून राहिली होती मी.’’