फळ्यापलीकडचं शिक्षणशास्त्र

एका कागदावर थोडी अक्षरं, काही सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं 2005 साली सुरू झालेल्या 'असर' सर्वेक्षणात स्वयंसेवक हा कागद घेऊन खेडोपाडी घरोघर जातात, मुलांना वाचायला लावतात. दुसऱ्या कागदावर हातच्याची वजाबाकी आणि भागाकार असतो. पाचवीतल्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते का, हा प्रश्न आज देशभर विचारला जातो, तो या साध्या कागदामुळे.

पण तो कागद साधा होण्यासाठी फार विचार करावा लागतो. दुसरीच्या मुलाला जोडाक्षरं किती झेपतात? मराठीतली गोष्ट आणि तमिळमधली गोष्ट सारख्याच काठिण्याची आहे, हे कसं ठरवायचं? शाळेत न जाता घरी का जायचं? कारण शाळेत गेलं, तर गैरहजर मुलं आणि नावच न घातलेली मुलं मोजणीतून निसटतात. अशा प्रश्नांची उत्तरं शोधणं हे शिक्षणशास्त्राचं काम आहे आणि ते करणारी माणसं बहुधा वर्गावर नसतात.

आपल्याकडे शिक्षणाची पदवी म्हणजे बी.एड., आणि बी.एड. म्हणजे शाळेतली नोकरी, हे समीकरण पक्कं आहे. शिक्षणशास्त्रातलं एम.ए. ही वेगळी वाट. त्यात बालमानसशास्त्राबरोबर समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, अभ्यासक्रमाची रचना, मूल्यमापन, धोरण असे विषय येतात. एवढं मात्र आधीच समजून घ्यावं, की फक्त या पदवीवर सरकारी शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी लागते.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा, ही शिफारस त्याच आयोगाच्या 1966 च्या अहवालातली. नाईकांनी 1948 मध्ये भारतीय शिक्षण संस्था स्थापली. पुढे ती पुण्यात आली. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक यांचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, पुणे जिल्ह्यातल्या गावांत त्यांनी रात्रीचे वर्ग उभे केले. मुलांचा दिवस कसा जातो, ते पाहून त्यांनी शाळेची वेळ ठरवली. मुलं शाळेतून का गळतात, हे आधी शोधल्याशिवाय असं सुचत नाही. त्याच बाई पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

आज शिकायचं कुठे? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत 2006 साली प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू झालं. एकलव्य, दिगंतर यांसारख्या, प्रत्यक्ष शाळांमध्ये रुजलेल्या संस्था त्यात सहभागी होत्या. नोकरी सांभाळून शिकता यावं, अशी त्याची रचना होती. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ 2010 मध्ये स्थापन झालं. तिथेही शिक्षणातलं एम.ए. आहे. विज्ञानाची गोडी असणाऱ्यांसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे विज्ञानशिक्षणातच पीएच.डी. करता येते. मुलांच्या मनात बल, उष्णता, अपूर्णांक यांविषयीच्या कल्पना कशा घडतात, हाच तिथे संशोधनाचा विषय होऊ शकतो.

कामाच्या जागाही अनेक. पाठ्यपुस्तकनिर्मिती, परीक्षांची रचना, शिक्षक-प्रशिक्षण, विज्ञानकेंद्रं आणि संग्रहालयांतले बालविभाग, बालसाहित्याचं संपादन, स्वयंसेवी संस्थांमधलं संशोधन. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी भागातल्या मुलांच्या सुरुवातीच्या वाचन-लेखनावर काम करते. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात नट शाळाशाळांत जाऊन गोष्टी सादर करतात. त्या कामात नाटक येतं तितकंच बालशिक्षणही येतं.

पगाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. स्वयंसेवी क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो, अनेक पदं प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. तेव्हा प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाचे माजी विद्यार्थी सध्या कुठे आहेत, याची चौकशी करावी. आणखी एक गोष्ट विचारावी, ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. दोन वर्षांत प्रत्यक्ष शाळेत, अंगणवाडीत, वस्तीत किती आठवडे पाठवतात? मुलांत न बसता लिहिलेलं पाठ्यपुस्तक पहिल्याच पानावर ओळखू येतं. त्यातली मुलं कधी चुकत नाहीत, कधी उलट प्रश्न विचारत नाहीत, आणि त्यांच्या घरी बोलली जाणारी भाषा पुस्तकात कुठेच नसते.