चालकयुक्त अस्त्रे : ‘रायखेनबर्ग’ आणि ‘ओका’

सोडलेल्या अस्त्राला लक्ष्यापर्यंत कोणी न्यावे, हा युद्धयंत्रविद्येतील जुना प्रश्न आहे. बाण किंवा तोफगोळा एकदा सुटला, की त्याची दिशा बदलता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनी व जपान या दोन्ही राष्ट्रांत या प्रश्नाचे एकच उत्तर पुढे आले : अस्त्राच्या आत मनुष्य बसवावा. हे उत्तर यंत्रविद्येच्या कसोटीस कितपत उतरले, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

जर्मनांचा ‘व्ही-१’ हा उडता बाँब १३ जून १९४४ पासून लंडनवर पडू लागला. होकायंत्र व गायरोस्कोप त्याची दिशा राखीत. नाकावरील लहानशा पंख्याच्या फेऱ्या मोजून ठरलेले अंतर काटले गेले, की तो खाली झेपावत असे. विस्तीर्ण शहरावर आघात करण्यास ही योजना पुरेशी होती. एखादे जहाज टिपणे मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच बाँबमध्ये चालकाची बैठक बसवून ‘रायखेनबर्ग’ हे अस्त्र सिद्ध करण्यात आले. प्रसिद्ध वैमानिक हाना राइट्श यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला व चाचणी-उड्डाणेही केली. चालकाने अखेरच्या क्षणी हवाई छत्रीने उडी घ्यावी, असे कागदोपत्री ठरले होते. परंतु एंजिनाचे तोंड बैठकीच्या लगेच मागे व वर असल्यामुळे कक्षाचे झाकण पुरते उघडणेही दुरापास्त होते. अशी सुमारे १७५ अस्त्रे तयार झाली. युद्धात मात्र एकही वापरले गेले नाही. ज्या हवाई दलाकडे हे काम होते त्याचे प्रमुख वेर्नर बाउमबाख यांचा या योजनेस विरोध होता, आणि मार्च १९४५ मध्ये ती बंद पडली.

जपानने ही योजना शेवटास नेली. १९४४ मध्ये ओता नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने मांडलेल्या प्रस्तावावरून योकोसुका येथील आरमाराच्या विमानतंत्र संस्थेत ‘ओका’ (चेरीचा मोहोर) या अस्त्राचा आराखडा तयार झाला. आराखड्याचे काम तादानाओ मिकी या अभियंत्याकडे होते. नाकात १,२०० किलोग्रॅम स्फोटक, शेपटीत तीन अग्निबाण आणि मधोमध चालक, अशी त्याची रचना होती. त्याला चाके नव्हती, कारण परत उतरण्याचा प्रश्नच नव्हता. सरावाच्या नमुन्यात स्फोटकाच्या जागी पाणी भरीत व उतरण्यासाठी खाली घसरपट्टी बसवीत. या भेदातच सारा आशय सामावलेला आहे.

आता मुख्य दोष पाहू. ‘ओका’चा पल्ला जास्तीत जास्त सुमारे ३७ किलोमीटर होता. तेथपर्यंत त्याला दोन एंजिनांच्या मित्सुबिशी बाँबफेकी विमानाने पोटाखाली वाहून न्यावे लागे. दोन टनांहून अधिक वजनाच्या या ओझ्याने ते विमान मंद व जड होई. उलट अमेरिकी आरमाराची लढाऊ विमाने या पल्ल्याच्या पुष्कळ बाहेरच त्याला गाठीत. २१ मार्च १९४५ रोजी अशी अठरा बाँबफेकी विमाने निघाली. त्यांपैकी बहुतेकांखाली ‘ओका’ होते. अठरांतील एकही परतले नाही. १२ एप्रिल रोजी ओकिनावाजवळ ‘मॅनर्ट एल. एबल’ ही अमेरिकी विनाशिका ‘ओका’च्या आघाताने बुडाली, पण त्याच्या क्षणभर आधी दुसऱ्या आत्मघाती विमानाने तिला जागीच खिळविले होते. या अस्त्राने बुडविलेली ही एकमेव युद्धनौका होय. एकंदर ८५२ ‘ओका’ बांधले गेले होते.

तेव्हा उणीव दृष्टीची होती तशीच, किंबहुना त्याहून अधिक, पल्ल्याची होती. मनुष्य अस्त्राला डोळे देऊ शकतो. त्याची धाव वाढवू शकत नाही, की त्याला वाहून नेणाऱ्या विमानाचे रक्षणही करू शकत नाही. चालकाच्या धैर्याने यंत्राची तूट भरून निघेल, हा हिशेबच चुकीच्या रकान्यात मांडलेला होता. आणि त्याची किंमत ज्यांनी प्राणांनी चुकविली, त्यांनी तो मांडला नव्हता.

युद्धानंतर मिकी रेल्वेच्या संशोधन संस्थेत गेले. १९६४ मध्ये धावू लागलेल्या शिंकान्सेन गाडीच्या मुखाकृतीच्या रचनेत त्यांचा वाटा आहे. वाऱ्याला छेदण्याचे तेच शास्त्र तेथे प्रवाशांना मुक्कामी सुखरूप पोहोचविण्याच्या कामी आले.