कोश पाहण्याचे शिक्षण आणि मराठी बालकाचे इंग्रजी

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन इयत्ता पहिलीपासून होऊ लागले. धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी या भागांत ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, अशा मुलास अडलेला शब्द विचारावयाचा तो कोशालाच. परंतु कोश पाहावा कसा, हे शिकविले जाते क्वचित. मग मूल गाइडातील आयत्या अर्थावर विसंबते.

कोश पाहणे हे वस्तुतः दोन भिन्न कौशल्यांचे काम आहे : वाक्यातील रूपावरून मूळ शब्द ओळखणे आणि वर्णक्रमाने तो गाठणे. यांपैकी पहिले मराठी मुलास नकळत अवगत असते. 'घोड्यावर' म्हणजे 'घोडा', 'पाण्यात' म्हणजे 'पाणी' हे त्यास सांगावे लागत नाही. 'गेला' हे रूप 'ग'खाली नव्हे, तर 'जाणे' या शब्दापाशी शोधावयाचे, हे मराठी कोशात एकदा दाखविले, की 'वेंट'करिता 'गो' पाहावा लागतो याचे त्यास नवल वाटणार नाही. म्हणून कोशशिक्षणाचा आरंभ मातृभाषेतच व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जपानमध्ये फुकाया केइसुके यांनी आयची प्रांतात १९९०नंतरच्या दशकात रुजविलेली पद्धती याच दिशेची आहे. तेथे पहिलीतील मुले जपानी कोशात पाहिलेल्या प्रत्येक शब्दापाशी क्रमांक घातलेली चिठ्ठी चिकटवितात. (चिठ्ठ्यांनी फुगलेला कोश हेच मुलांचे भूषण!) इंग्रजी हा तेथील पाचवी-सहावीचा रीतसर विषय झाला तो २०२० साली.

वर्णक्रमाची गोष्ट निराळी. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. इंग्रजी अक्षरांच्या क्रमास असे कारण नाही, तो पाठच करावा लागतो. अर्थात मराठीतही सर्व सुकर नाही : 'क्ष' काही कोशांत 'क'खाली, तर काहींत शेवटी सापडतो. इंग्रजीत मुख्य अडचण लेखनाची. 'नाइफ' ऐकणारे मूल 'एन्'खाली शोधील, शब्द असतो 'के'खाली. यास्तव आरंभी ऐकलेला नव्हे, तर छापील शब्दच शोधावयास द्यावा.

शब्द सापडल्यावरही पहिलाच अर्थ उचलण्याची खोड राहते. 'बँक' या शब्दाचा पहिला अर्थ घेऊन तेरणेच्या काठाचे भाषांतर 'तेरणेची पेढी' असे झाल्यास आश्चर्य नाही. जिल्ह्यात तेरणेचे नाव धारण करणाऱ्या संस्था आहेतच. येथे मुलास दुसऱ्या अर्थापर्यंत नेते ते वाक्यातील नदीचे नाव, आणि ते त्याच्या ओळखीचे असते.