युद्धवार्ताहरांचें प्रथमोपचार-शिक्षण

लिबियाच्या समुद्रकांठीं मिस्राता नांवाचें शहर आहे. २०११ च्या वसंतांत गद्दाफीच्या सैन्यानें त्यास वेढा दिला होता व तेथील त्रिपोली मार्गावर घराघरांतून लढाई चालली होती. २० एप्रिल रोजीं त्या लढाईचीं छायाचित्रें घेणाऱ्या कांहीं मंडळींच्या जवळच एक स्फोट झाला. टिम हेदरिंग्टन हे इंग्रज आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे अमेरिकन, असे दोन नामांकित छायाचित्रकार त्यांत प्राणास मुकले. आणखी दोघे जखमी झाले. हॉन्ड्रोस यांच्या मस्तकावर आघात होता. तेथें शल्यवैद्याचेंही फारसें चालत नाहीं. हेदरिंग्टन यांची गोष्ट निराळी. जांघेंत तुकडा शिरून त्यांची मोठी रक्तवाहिनी तुटली, आणि मोटारीच्या मागील उघड्या भागांत घालून रुग्णालयाकडे नेत असतां वाटेंतच रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. सोबतीला माणसें होतीं. त्यांतील एकानें त्यांचा हातही हातांत धरला होता. पण वाहतें रक्त अडवावें कसें, याचें शिक्षण कोणासच मिळालेलें नव्हतें.

हेदरिंग्टन यांचे स्नेही, अमेरिकन लेखक सेबॅस्टियन युंगर, हेही त्या खेपेस बरोबर जावयाचे होते. ऐनवेळीं त्यांचें जाणें राहिलें. या दोघांनीं अफगाणिस्तानांतील कोरेंगल खोऱ्यांत अमेरिकन सैनिकांच्या एका तुकडीसमवेत दीर्घकाळ राहून ‘रेस्ट्रेपो’ हा चित्रपट तयार केला होता व तो २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. ज्याच्यावरून तेथील ठाण्याला आणि पुढें चित्रपटाला हें नांव मिळालें, तो रेस्ट्रेपो त्या तुकडीचा प्रथमोपचारक सैनिक होता, आणि तोही लढाईंतच मारला गेला. सैनिकांच्या तुकडीबरोबर असा शिकलेला एक माणूस नेमलेला असतो. वार्ताहराबरोबर कोण असतें? दुभाषी, मोटारचालक आणि त्याच्यासारखाच दुसरा वार्ताहर.

मित्राच्या रक्तस्रावाचा वेग कदाचित् कमी करतां आला असता, हें युंगर यांना मागाहून कळलें, आणि २०१२ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत त्यांनीं वार्ताहरांसाठीं विनामूल्य वर्ग सुरू केला. संस्थेच्या इंग्रजी नांवाचा अर्थ ‘सहकाऱ्यांचे प्राण वाचविण्यास शिकलेले वार्ताहर’ असा होतो. नांवांतील ‘सहकारी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठी जखम झालेला मनुष्य स्वतःसाठीं फारसें कांहीं करूं शकत नाहीं. तो जें शिकला तें दुसऱ्याच्या उपयोगीं पडावयाचें, आणि त्याचा जीव दुसऱ्याच्या शिक्षणावर अवलंबून राहावयाचा.

असे वर्ग पूर्वीं नव्हते असें नाहीं. युगोस्लाव्हियांतील युद्धांत अनेक वार्ताहर बळी पडल्यावर ब्रिटनमध्यें निवृत्त सैनिकांनीं ते चालविले, व मोठ्या वृत्तसंस्था आपल्या नोकरांना तेथें पाठवूं लागल्या. परंतु स्वतंत्रपणें काम करून चित्रागणिक मोबदला घेणाऱ्यांना वर्गाची फी व विम्याचा हप्ता दोन्ही जड जातात. आणि पुष्कळदां तेच सर्वांत पुढें असतात. युंगर यांनीं आपला वर्ग अशांसाठींच काढला.

प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. मांडीची धमनी पूर्ण तुटली तर तीन-चार मिनिटांतही मृत्यु येऊं शकतो. यास्तव या शिक्षणांत उपचाराचा क्रमच वेगळा आहे. श्वास तपासण्याआधीं वाहतें रक्त थांबवावयाचें. मग श्वासमार्ग, मग छातीची जखम, आणि शेवटीं ऊब. शरीर थंड पडलें कीं रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून वाळवंटांतील उन्हांतही जखमीला पांघरूण घालावें लागतें.

हात किंवा पाय यांतून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर चार बोटें, पण सांध्यावर नव्हे, टूर्निके नांवाचा रुंद पट्टा आवळतात व त्यांतील दांडी पिळून रक्त थांबेपर्यंत घट्ट करतात. जखमीला असह्य वेदना होतात. त्या ऐकून सैल करणारा परोपकारी मनुष्य त्याचा घात करतो. जुन्या पुस्तकांतून असा बंध दर पंधरा-वीस मिनिटांनीं सैल करावा असें पढविलें जाई. आतां तें त्याज्य ठरलें आहे. बंध सुमारें दोन तास राहिला तरी अवयव बहुधा वाचतो, हा इराक व अफगाणिस्तान येथील शल्यवैद्यांचा अनुभव आहे. बंध बांधल्याची वेळ मात्र ठळक लिहून ठेवावी लागते. रुमाल व काठी यांचा घरगुती बंध पुष्कळदां फसतो, आणि बारीक दोरी तर मांसांत रुतते.

हेदरिंग्टन यांची जखम जेथें होती, त्या जांघेंत हा पट्टा बसत नाहीं. तेथें जाळीदार कापडाची लांब पट्टी बोटानें जखमेच्या तळापर्यंत कोंबून पोकळी गच्च भरावयाची, आणि अंगाचा सारा भार घालून कित्येक मिनिटें दाबून धरावयाचें; मोटार हादरत असली तरी हात काढावयाचा नाहीं. एवढ्यानें ते वाचलेच असते असें कोणी छातीठोकपणें म्हणणार नाहीं. कांहीं मिनिटें मिळालीं असतीं, इतकें म्हणतां येतें.

हें वाचून कळतें, पण हाताला येत नाहीं. सुशिक्षित माणसाला दुसऱ्याच्या उघड्या जखमेंत बोट घालण्याचा संकोच फार. त्यासाठीं लाल पाणी उसळणाऱ्या पुतळ्यांवर, धुरांत व कानठळ्या बसविणाऱ्या आवाजांत, तीच कृति पुनः पुनः करून घेतात. जखमीकडे लगेच धांवूं नये, हेंही तेथेंच अंगवळणीं पडतें. कारण त्याच जागीं दुसरा गोळा येण्याचा संभव असतो. आधीं आडोसा, मग उपचार.

उपचाराच्या पिशवीविषयीं नियम असा, कीं जखमीसाठीं त्याचीच पिशवी उघडावयाची. स्वतःची तशीच राखावयाची, कारण पुढचा जखमी आपणच असूं शकतों. म्हणून पिशवी कोणत्या बाजूस अडकविली आहे व पट्टा कोणत्या कप्प्यांत आहे, हें कामगिरीवर निघण्यापूर्वीं प्रत्येकानें सोबत्यांना दाखवून ठेवावयाचें असतें, आणि मोटारचालकालाही.