आज प्रॅक्टिकल आहे, काकू!

‘प्रॅक्टिकल’ या शब्दाचा अर्थ आमच्या गगनबावडा तालुक्यातल्या आयांना एकच ठाऊक आहे. त्या दिवशी पोरगी उशिरा येणार! बाकीच्या दिवशी दुपारच्या गाडीने घरी, प्रॅक्टिकलच्या दिवशी दिवेलागण उलटून गेल्यावर. मग आई दारात, बाप फाट्यावर आणि शेजारीण खिडकीत. (या तिघांत शेजारणीचं लक्ष जास्त, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच!)

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापूरच्या पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला गगनबावडा. इथून करूळचा नाहीतर भुईबावड्याचा घाट उतरलं की कोकण. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस आमच्याच वाट्याला. भात, नाचणी, थोडा ऊस आणि भरपूर धुकं. बारावी सायन्स करून बी.एस्सी.ला गेलेल्या आमच्या कितीतरी मुली रोज कोल्हापूरला जाऊन-येऊन शिकतात. सकाळी अंधारात निघायचं, डबा गाडीत खायचा आणि परतताना एसटी चुकली तर वडाप!

मी स्वतः बी.ए., मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दूध नासणं आणि दही लागणं एवढाच. पण बचत गटाच्या कामासाठी गावोगाव फिरते. बैठक संपली, बायका उठल्या, की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, ‘‘वहिनी, आमच्या पोरीला तेवढं सायन्स सोड म्हणून सांगा की. तुमचं ऐकंल ती.’’ पोरगी हुशार, मार्क चांगले, मग सोडायचं का? तर ते प्रॅक्टिकल! रात्री बारापर्यंत आकृत्या काढत बसते, सकाळी डोळे लाल. एवढं काय करतात तिथं?

ते बघायला एकदा मीच मुलींबरोबर गेले. तिथल्या सरांनी मागच्या स्टुलावर बसायची परवानगी दिली. लांबलचक ओटे, प्रत्येकीपुढे सूक्ष्मदर्शक, भिंतीशी बरण्यांतून ठेवलेले मासे, साप, खेकडे आणि सगळीकडे फॉर्मेलिनचा तो नाकात जाऊन बसणारा वास.

त्या दिवशी प्रयोग होता कांद्याच्या मुळाचा. पाण्याच्या ग्लासावर कांदा ठेवला की दोन-चार दिवसांत त्याला पांढरी मुळं फुटतात. ती सकाळच्या वेळी कापायची, कारण तेव्हा टोकाशी पेशींचं विभाजन जोरात चाललेलं असतं. कापली की लगेच अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाकायची. पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच थांबते, लहानपणी ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर आपण थांबायचो तशी! नंतर आम्लात जरा गरम करून मऊ करायची, लाल रंग द्यायचा, अगदी टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा काचेवर ठेवायचा, वर पापुद्र्याएवढी दुसरी काच, त्यावर टिपकागद, आणि मग अंगठ्याने दाबायचं. सगळी मेख या दाबण्यात. कमी दाबलं तर पेशींचा नुसता ढीग, जास्त दाबलं तर काच फुटते आणि अंगठा सरकला तर सगळंच चुरगळतं.

असळजच्या मुलीचं दोनदा फसलं. सर येऊन बघायचे, एवढंच म्हणायचे, ‘‘रिपीट.’’ हा शब्द या मुलींना स्वप्नातही ऐकू येतो म्हणे! तिसऱ्या खेपेला ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि एकदम ओरडली, ‘‘काकू, या, बघा, घावलं!’’

मी डोळा लावला. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मग लाल ठिपक्यांनी भरलेल्या चौकोनी खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीच्या मधोमध ओळीने उभी राहिलेली गुणसूत्रं. रोपलागणीला चिखलात ओळीने वाकलेल्या बायका दिसतात ना, अगदी तशी! शेजारच्या खोलीत तीच दोन गटांत वाटून दोन टोकांना निघालेली. कांद्याच्या पेशीत ही १६ असतात. लाल रंग कसला, विचारलं, तर सर म्हणाले, कार्मिन. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून मिळतं. संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा निम्म्या जणींनी ‘ई’ केलं आणि निम्म्या म्हणाल्या, ‘‘आम्हालापण दाखवा.’’

दिसलं म्हणजे सुटलं असं नाही. ते पेन्सिलीने जर्नलमध्ये काढायचं. एकीने फार सुबक आकृती काढली होती. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. ‘‘हे पुस्तकातलं आहे. तुझ्या काचेवर जे दिसलं ते काढ.’’ पोरीचे डोळे भरले. मला मात्र ते पटलं. आपल्याकडे दिसेल ते सांगायला मुलींना शिकवतं कोण? पुस्तकात काय आहे, घरातल्या मोठ्यांना काय आवडेल, तेच सांगायला शिकवतात!

या मुली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत, वर वनस्पतींची लॅटिन नावं. सगळ्यांत भीती ‘स्पॉटिंग’ची. ओळीने नमुने मांडलेले, प्रत्येकापुढे मिनिट-दोन मिनिटं उभं राहायचं, ओळखायचं, लिहायचं, घंटी वाजली की पुढे सरकायचं. तिसंगीची एक जण म्हणाली, ‘‘काकू, करवंदाच्या जाळीत लहानाचा मोठा झालो मी, आणि परीक्षेत करवंदीपुढं उभा राहून ‘कॅरिसा’ आठवंना!’’ (आमच्याकडच्या पोरी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये!)

पण हाताच्या कामात याच पोरी पुढे. खोडाचा, पानाचा आडवा छेद घ्यायचा असतो. पान पपईच्या देठात नाहीतर बटाट्याच्या फोडीत धरायचं आणि ब्लेडने इतके पातळ काप काढायचे की त्यातून उजेड पलीकडे जावा. शहरातल्या मुलींची बोटं कापली जातात, आमच्या विळीवर मेथी चिरलेल्या हातांना ते सहज जमतं.

वनस्पती सुकवून कागदावर चिकटवायच्या, तो ‘हर्बेरियम’चा प्रकार मात्र आमच्या पावसापुढे हात टेकतो. फुलं पावसाळ्यात येणार आणि पावसाळ्यात आमच्याकडे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तर झाडं कुठली वाळायला? वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायचं आणि रोज कागद बदलायचे. मुलींनी चुलीवर टांगलेल्या फळीचा उपयोग केला. मिरच्या, सुकट आणि मध्ये गेंदाची फुलं! (तुम्ही वाचता आहात ती पुरवणीही पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी पानाफुलांच्या पोटाशी जाणार, हे लक्षात असू द्या.) सर म्हणे वास घेऊनच ओळखतात, हा कागद बावड्याचा! याच डोंगरांतल्या वनस्पतींची नोंद करणारं ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हे जाडजूड पुस्तक डॉ. श्रीरंग यादव आणि डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी लिहिलं आणि शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपल्या बांधावरच्या गवताला पुस्तकात जागा आहे, हे कळल्यापासून या मुली बांधावरून चालताना खाली बघत चालतात.

एक त्रास मात्र संपला. माझी नणंद बी.एस्सी.ला होती तेव्हा बेडूक फाडावा लागे. आमचं घर माळकरी. ती त्या दिवशी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवायची, आल्यावर अंघोळ करून परत घालायची, आणि सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलायच्या नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये ही चिरफाड कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ती बंदच केली. आता तक्ते, प्रतिकृती आणि संगणक. नणंदेला विचाराल तर ती म्हणेल, तेव्हा धडधडतं हृदय बघितलं ते तक्त्यात नाही. पण मला वाटतं, बरं झालं. भाताच्या खाचरातले बेडूक खाचरातच शोभतात.

दुर्गाबाई भागवत आम्हाला बी.ए.ला होत्या. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजे कमला सोहोनी, मात्र मला या मुलींमुळे कळली. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला तर सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला. ती अडून बसली, तेव्हा घेतलं ते अटींवर. एक वर्ष चाचणीचं, आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! पुढे तिने केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीत ‘सायटोक्रोम सी’ असतं हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. आमच्या मुलींना नाही कुणी म्हणत नाही. त्यांना अडवतं ते पाणी.

थिअरी बुडली तर मैत्रिणीची वही मिळते. प्रॅक्टिकल कुणाच्या वहीतून कसं करणार? २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, पण साध्या पावसाळ्यातही मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि आमचा रस्ता बंद. कोल्हापुरात ऊन असतं, कॉलेज चालू असतं, मुली इकडे अडकलेल्या. दोन वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीतल्या मुलीची अशी चार प्रॅक्टिकल्स गेली. जर्नल पूर्ण होऊन त्यावर सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यातच एक स्थळ सांगून आलं. वडील मला म्हणाले, ‘‘बी.ए.ला घालतो तिला. घरात बसून परीक्षा देता येती. तुम्हीबी बी.ए.च की वहिनी!’’

बी.ए.ला मी कमी लेखत नाही. पण मराठी मला शिकायचं होतं, तिला नव्हतं. मी वडिलांना घेऊन कॉलेजात गेले. चप्पल दाराबाहेर काढून ते प्रयोगशाळेच्या उंबऱ्यातच थांबले. सरांना एकच विचारलं, ‘‘हे शिकून काय हुतंय?’’ सरांनी दवाखान्यांच्या लॅब सांगितल्या, शिक्षकी सांगितली, आणि बोलता बोलता उसाचं टिश्यू कल्चर सांगितलं. कोंबाच्या टोकाच्या एवढ्याशा तुकड्यापासून बाटलीत रोपं कशी करतात ते. तिथे वडील आत आले. ‘‘रोगाचं न्हाई ऱ्हात का त्यात? रोप केवढ्याला पडतंय?’’ अर्धा तास उसावरच बोलणं झालं. मुलीचं नावही निघालं नाही, पण परतीच्या गाडीत त्यांनी स्थळाचा विषय काढला नाही. बुडलेली चारही प्रॅक्टिकल्स सरांनी दिवाळीच्या सुट्टीत करून घेतली. त्यांनाही घर होतंच की!

दर वर्षी असं सरांच्या सुट्टीवर भागणार नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी आमच्या गटातल्या आयांनी ठरवलं, जून ते सप्टेंबर मुलींनी कोल्हापुरात राहायचं. रंकाळ्याजवळ चौघींत एक खोली घेतली. भाड्याला गटातून कर्ज दिलं, दूध आणि शेणी विकून आया हप्ते फेडतात, एकही हप्ता चुकला नाही. शनिवारी पाणी नसेल तर मुली घरी येतात, धुणं आणतात आणि भाकरी नेतात. खोलीच्या खिडकीत म्हणे चार ग्लासांवर चार कांदे असतात.

यंदा सहा जणींची नावं आली आहेत. खोली चौघींचीच आहे. घरमालकीणबाईंशी बोलायला येत्या रविवारी जायचं आहे, जाताना घरचा आंबेमोहोर घेऊन जाईन म्हणते.