कुंपणच शेत खाते तेव्हा

मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी ठणकू लागावा, पहाटेपर्यंत सांधा लालभडक होऊन सुजावा आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसू नये, हे गाउट या विकाराचे ओळखीचे रूप होय. युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात टोचतात म्हणून ही वेदना होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे आणि त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

रक्तातील युरिक आम्ल दर १०० मिलिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिले, की त्याचा सोडियम-क्षार सांध्यात स्फटिकरूपाने साचू शकतो. हे स्फटिक कित्येकदा वर्षानुवर्षे निमूट पडून असतात. मग दाह उत्पन्न करतो कोण? १९६२ साली फेअर्स व मॅकार्टी या अमेरिकन डॉक्टरांनी असे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच दोघेही वेदनेने हैराण झाले. पुढे १९६६ साली फेल्प्स व मॅकार्टी यांनी कुत्र्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी औषधाने घटवून स्फटिक टोचले, तेव्हा दाह फारसा झाला नाही. स्फटिक तेच होते. उणीव होती ती शरीराच्या पहारेकऱ्यांची.

या पहारेकऱ्यांच्या आत काय घडते, याचा महत्त्वाचा उलगडा २००६ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग चॉप यांच्या गटाने केला. सांध्यातील भक्षक पेशी स्फटिक गिळते, परंतु तो तिला पचत नाही. पेशीत एनएलआरपी-३ या प्रथिनाभोवती एक यंत्रणा जुळून येते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे संदेशवाहक द्रव्य बाहेर पडते. त्या हाकेसरशी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी सांध्यात उतरतात, स्फटिकांवर तुटून पडतात आणि मरताना आपली दाहक द्रव्ये तेथेच सांडतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

हा केवळ शरीराचा अविचार मात्र नव्हे. मरणाऱ्या पेशींतून सुटणारे युरिक आम्ल प्रतिकारयंत्रणेला धोक्याची सूचना देते, असे केनेथ रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले होते. इशारा मुळात उपयुक्तच; गाउटमध्ये तो अस्थानी दिला जातो.

आठपंधरा दिवसांत झटका बहुधा आपोआप शमतो आणि नेमकी येथेच फसगत होते. कोल्चिसिन किंवा वेदनाशामक गोळ्या पहारेकऱ्यांना शांत करतात. स्फटिक विरघळवीत नाहीत. त्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉलसारख्या औषधाने युरिक आम्ल ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून तेथेच टिकवावे लागते. हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. मग औषधच बाधले असे समजून रुग्ण ते सोडून देतो. पहारेकरी झोपले म्हणजे चोर गेला, असे होत नाही. ठणका थांबलेला असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार चालू ठेवणे, हाच या दुखण्यातून सुटण्याचा खरा मार्ग होय.