ओटीवरून पाहिलेला जपान

कोकणातील आमच्या घरी पाहुणा आला की तो प्रथम ओटीवर बसे. पाय धुण्यास पाणी, मग गूळ-पाणी, मग चहा. ओटीवरून त्याला सारवलेले अंगण दिसे, दारापुढची नारळीची झाडे दिसत, घरातील माणसांचे हसतमुख चेहरे दिसत. माजघरात कोणाचे डोळे ओले आहेत आणि कोणत्या डब्यातील तांदूळ संपत आले आहेत, हे मात्र त्यास कळत नसे. जपानचा बारा दिवसांचा प्रवास करून परत आल्यापासून ही ओटी मला वारंवार आठवते. भेटेल तो विचारतो, "जपान कसा वाटला?" उत्तर द्यावयास तोंड उघडावे, तोच मनात येते की, आपण जे पाहिले ते ओटीवर बसून पाहिले. ओटीवरून दिसते ते खोटे नसते, पण अपुरे असते. वाचकांनी पुढील मजकूर त्याच समजुतीने वाचावा, ही विनंती.

पेसाखचा सण आटोपल्यावर मुलगा, सून आणि मी असे तिघे निघालो. जपानविषयी माझ्या मनात जे काही चित्र होते ते तरुणपणी मुंबईत वाचलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधून आलेले. तेव्हा तो देश कधी प्रत्यक्ष पाहावयास मिळेल, तोही इस्राएलमधून जाऊन, असे स्वप्नातही आले नव्हते.

क्योतो शहरात आम्ही एका लहानशा जुन्या वळणाच्या पथिकगृहात उतरलो. दार सरकवून आत पाऊल टाकले आणि पहिल्या क्षणीच मला घरी आल्यासारखे वाटले. जपानी घराच्या दाराशी आतील जमिनीपेक्षा एक पायरी खाली अशी जागा असते. तिला 'गेनकान' म्हणतात. पादत्राणे तेथे काढावयाची, त्यांची टोके बाहेरच्या बाजूस वळवून ठेवावयाची आणि मग वर चढावयाचे. इस्राएलमध्ये आल्यावर पहिली कित्येक वर्षे पाहुणे बूट घालून थेट बैठकीच्या खोलीत येत, तेव्हा माझा जीव खालीवर होत असे. हळूहळू सवय झाली. परंतु जपानमधील त्या पायरीने माझ्या आईची शिस्त मला परत आणून दिली.

अर्थात शिस्तीच्या बाबतीत जपानी गृहिणी माझ्या आईच्याही चार पावले पुढे. घरात सपाता घालावयाच्या, पण 'तातामी' म्हणजे गवती चटयांच्या खोलीत त्याही बाहेर ठेवावयाच्या. शौचालयासाठी आणखी वेगळ्या सपाता. दुसऱ्याच दिवशी मी त्या शौचालयाच्या सपाता घालून तशीच तातामीपर्यंत चालत आले. वृद्ध मालकीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवलेला चहाचा पेला उगाच थोडासा सरकवला. मला माझी चूक समजली. रागावल्या असत्या तर मी इतकी ओशाळले नसते!

ही तातामी साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते, आणि खोली केवढी आहे हे ती किती चटयांची आहे यावरून सांगतात. रात्री तीवर गादी अंथरावयाची, सकाळी घडी करून कपाटात ठेवावयाची. आमच्या लहानपणी वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्या की निजण्याची खोली बसण्याची होत असे, त्याचीच ही दुसरी तऱ्हा.

जेवणाच्या बाबतीत आमची थोडी ओढाताण झाली. भात आणि मासे यांवर वाढलेल्या कोकणी माणसाला खरे तर तेथे माहेरीच आल्यासारखे वाटावे. बाजारात मासळीची जी आरास पाहिली, तिला तोड नाही. परंतु कोळंबी, खेकडे, माकूळ, कालवे हे सर्व आपणांस वर्ज्य. खवले व पर असलेला मासा कोणता, हे विचारून विचारून मुलगा थकला. बांगड्याच्या गोत्रातील एक मासा लाकडासारखा टणक होईपर्यंत धुरावून सुकवतात व त्याचा कीस समुद्रशेवाळाबरोबर पाण्यात उकळून रस्सा करतात. त्याला 'दाशी' म्हणतात. हा रस्सा तेथील स्वयंपाकाचा पायाच होय. भांड्यांचा प्रश्न होताच, म्हणून आम्ही बहुधा फळे, उकडलेली अंडी आणि घरून नेलेले पोहे यांवर भागवले. पण जेवणापूर्वी हात जोडून 'इतादाकिमास', म्हणजे 'मी नम्रतेने स्वीकारते', असे म्हणण्याची लहानथोर सर्वांची रीत पाहिली, तेव्हा भाकरीवर बराखा म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची आठवण झाली.

जपान पाहून परक्या माणसाने थक्क व्हावे, ही गोष्ट नवी नाही. लुईश फ्रोइश नावाचा एक पोर्तुगीज पाद्री गोव्यात राहून पुढे जपानला गेला. त्याने १५८५ साली युरोपीय लोकांच्या व जपानी लोकांच्या चालीरीती किती उलट आहेत, याची लांबलचक यादीच लिहून ठेवली. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर तेथे गेले. त्यांनी जपानी जीवनातील सौंदर्यदृष्टीची मुक्तकंठाने स्तुती केली, आणि त्याच भेटीत राष्ट्राभिमानाच्या अतिरेकाबद्दल यजमानांस स्पष्ट इशाराही दिला. पाहुण्याने कसे पाहावे, याचा हा धडाच म्हणावयाचा.

आता सार्वजनिक जीवनाविषयी. तेथील 'शिनकानसेन' ही वेगवान आगगाडी १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान प्रथम धावली. सुमारे ५१५ किलोमीटरचे हे अंतर आज ती अडीच तासांच्या आत तोडते. तोकियोच्या स्थानकावर गाडी रिकामी झाली की सफाई कामगारांची तुकडी अवघ्या सात मिनिटांत सर्व डबे झाडून-पुसून लखलखीत करते. गाडीस उशीर झाला तर कचेरीत दाखविण्यासाठी प्रवाशास तसा दाखला मिळतो. डब्यात बसलेली माणसे फोनवर बोलत नाहीत, मोठ्याने हसत नाहीत. तेल अवीवच्या बसमध्ये पाच जणांचे संसार ऐकत प्रवास करण्याची सवय असलेल्या आम्हा तिघांस ती शांतता प्रथम प्रथम अंगावर आली.

रस्ते स्वच्छ, मात्र कचराकुंड्या शोधून सापडत नाहीत. २० मार्च १९९५ रोजी तोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडण्यात आला, त्यानंतर अनेक ठिकाणच्या कुंड्या काढून टाकण्यात आल्या. लोक आपला कचरा आपल्या पिशवीत घालून घरी नेतात. तेथे तो निरनिराळा करून, ज्या प्रकारासाठी जो वार ठरला असेल त्या सकाळी ठरल्या जागी ठेवतात. हे अंगवळणी कसे पडते? शाळेतील मुले रोज आपले वर्ग, जिने आणि बहुतेक ठिकाणी शौचालयेही स्वतः झाडतात, पुसतात. दुपारचे जेवणही पाळीपाळीने एकमेकांस वाढतात. रक्तातून येणारा हा गुण नव्हे. सहाव्या वर्षापासून हातात झाडू दिल्याने तो अंगी बाणतो.

या साऱ्याचे मूळ एका शब्दात आहे, असे मालकीणबाईंनी आम्हांस सांगितले. तो शब्द 'मेइवाकु'. आपल्यामुळे दुसऱ्यास होणारा उपद्रव, असा त्याचा अर्थ. तो होऊ द्यावयाचा नाही, हे जपानी मूल बोलावयास लागते तेव्हापासून ऐकते.

या शिकवणीचा प्रत्यय मला एका संकटात आला. त्सुरुगा या बंदराच्या गावाहून क्योतोस परतताना माझी एक कापडी पिशवी गाडीतच राहिली. तीत माझे प्रार्थनापुस्तक होते. एका पानावर हिब्रू आणि समोर मराठी अशी ती मुंबईची जुनी छपाई. पुस्तकाची किंमत काही नाही. परंतु त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर माझ्या आईने आमच्या घरातील जन्मांच्या व मृत्यूंच्या तारखा आपल्या हाताने लिहिल्या आहेत. मृत्यू पावलेल्या माझ्या धाकट्या भावाची तारीख दुसरीकडे कोठेही नोंदलेली नाही. ती रात्र मी तातामीवर बसून काढली.

सकाळी स्थानकावरील हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत गेलो. पिशवीचा रंग कोणता, काठ कसा, आत काय, असे सर्व विचारून तेथील तरुण अधिकाऱ्याने चिठ्ठी बांधलेली माझी पिशवी आणून समोर ठेवली. खात्री करण्यासाठी त्याने पुस्तक दोन्ही हातांनी उचलले आणि उजव्या बाजूने उघडले! हिब्रू न जाणणारा माणूस आपले पुस्तक हमखास उलटे उघडतो. परंतु जपानी ग्रंथही उभ्या ओळींचे, उजवीकडून सुरू होणारे असतात. ज्याला त्यातील एकही अक्षर कळत नव्हते, त्याने ते बरोबर उघडले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा तोही मालकीणबाईंसारखाच दुसरीकडे पाहू लागला.

पिशवी कोणी आणून दिली, हे कळले नाही. तेथील कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जमा करणाऱ्यास मालकाकडून बक्षीस मागण्याचा हक्क असतो, आणि तीन महिन्यांत मालक न आल्यास बहुतेक वस्तू त्याच्याच होतात. आमच्या अज्ञात उपकारकर्त्याने हक्क सोडला होता व नावही ठेवले नव्हते. २०१८ साली एकट्या तोकियोच्या पोलिसांकडे हरवलेल्या ४१ लाखांहून अधिक वस्तू जमा झाल्या, असे पुढे वाचनात आले. प्रामाणिकपणाला जेथे इतकी सोपी वाट करून दिलेली असते, तेथे माणसे त्या वाटेने चालतात.

मी आनंदाने ही हकीकत मालकीणबाईंना सांगितली. मुलाच्या फोनवरील भाषांतराच्या साहाय्याने आमचे बोलणे चालले होते. त्या हसल्या. मग समोरच्या बंद घराकडे बोट दाखवून म्हणाल्या की, तेथे त्यांच्याच वयाची एक बाई एकटी राहत असे. कचरा टाकण्याच्या ठरल्या दिवशी तिची पिशवी दिसली नाही. पुढच्या खेपेसही दिसली नाही, तेव्हा लोकांनी पोलिसांस बोलाविले. ती जाऊन कित्येक दिवस झाले होते. "तिला आम्हांला त्रास द्यावयाचा नव्हता, आणि दार वाजवून तिला त्रास द्यावा असे आम्हांलाही वाटले नाही," त्या म्हणाल्या.

अशा एकाकी मरणाला जपानी भाषेत 'कोदोकुशी' असा स्वतंत्र शब्दच आहे. त्या देशात आज दर शंभरांत सुमारे २९ माणसे पासष्ट वा अधिक वर्षांची आहेत, आणि २०२४ साली तेथे सात लाखांहूनही कमी मुले जन्मली. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूलाही 'कारोशी' हे वेगळे नाव आहे. गाडीतील जी शांतता मला इतकी भावली होती, तिचेच दुसरे टोक त्या बंद दाराशी होते. क्षणभर मी ओटी ओलांडून माजघरात डोकावले होते.

आम्ही त्सुरुगा येथे कशासाठी गेलो होतो, ते सांगावयाचे राहिलेच. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरी चिउने सुगिहारा हे जपानी वकिलातीतील अधिकारी होते. दाराशी पोलंडमधून पळून आलेल्या यहुदी निर्वासितांची गर्दी लोटली. सुगिहारांनी परवानगीसाठी तोकियोस पुन्हा पुन्हा विचारणा केली. अटी पूर्ण न करणाऱ्यांस परवाना देऊ नये, असे उत्तर आले. त्यांनी ते बाजूस सारून, वकिलात बंद होईपर्यंत, दोन हजारांहून अधिक परवाने दिले. ते घेऊन निर्वासित रशिया ओलांडून व्लादिवोस्तोकला आणि तेथून बोटीने त्सुरुगा बंदरात उतरले. गावच्या संग्रहालयात लोकांच्या आठवणी जपून ठेवल्या आहेत. कोणी त्यांना सफरचंदे दिली, एका स्नानगृहाच्या मालकाने आपले स्नानगृह एक दिवस त्यांच्यासाठी विनामूल्य उघडले, स्थानकासमोरील घड्याळवाल्याने त्यांची घड्याळे विकत घेतली.

सुगिहारांना १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याची नोकरी सोडावी लागली. याद वाशेमने १९८४ साली त्यांचा गौरव केला, १९८६ मध्ये ते निवर्तले, आणि २००० साली त्यांच्या सरकारने त्यांच्या कुटुंबाकडे खेद व्यक्त केला. हिंदुस्थानात आपण बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या निर्भयपणे राहिलो, त्यामुळे दारोदार परवाना मागण्याची ती वेळ आपल्यावर आली नाही. म्हणूनच त्या काचेच्या कपाटापुढे मी जास्तच वेळ उभी राहिले. नियमांच्या या देशात आपण ज्याचे नाव कृतज्ञतेने घेतो, तो माणूस नियमाविरुद्ध गेलेला आहे. ते भिजलेले, भुकेलेले परके लोक म्हणजे त्या गावाला मूर्तिमंत 'मेइवाकु'च होते. तरी कोणीतरी आपले स्नानगृह उघडले.

"जपान कसा वाटला?" असे आता कोणी विचारले की मी आगगाड्या आणि फुललेल्या बागा यांविषयी सांगते, कारण ऐकणाऱ्यास तेच हवे असते. परंतु परत आल्यापासून, आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचे दार मी रोज सकाळी वाजवते. त्या कधीकधी कुरकुरतात. मी तो त्रास देत राहणार आहे.

आणि प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या पानावर, आईने लिहिलेल्या तारखांच्या खाली, मी एक ओळ लिहिली आहे: 'हे पुस्तक जपानात आगगाडीत हरवले व दुसऱ्या दिवशी परत मिळाले. आणून देणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. देव त्याचे भले करो.'